काकांच्या वहीतील आकडे आणि गुडघ्यांवर बसलेला चालक: जुन्या आउटबोर्ड शर्यतींविषयी माहिती हवी आहे

रेल्वेलाइन्स_सोलापूर

नमस्कार. माझे थोरले काका गेल्या वर्षी वयाच्या ९१व्या वर्षी गेले. १९५६ ते १९५९ या काळात ते अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात यंत्र अभियांत्रिकी शिकत होते. परत आल्यावर त्यांनी सोलापुरातील एका कापडगिरणीत यंत्रविभाग सांभाळला आणि निवृत्तीपर्यंत गाव सोडले नाही. तिकडच्या दिवसांबद्दल ते फारसे बोलत नसत. सुट्टीच्या दिवशी तळ्यांवर मोटरबोटींच्या शर्यती पाहायला जात असू, एवढेच सांगत.

त्यांची खोली आवरताना तीन वस्तू हाती आल्या आणि त्या तिन्ही वस्तूंनी मला कोड्यात टाकले आहे. पहिली वस्तू भिंतीवरचा एक चौकटीतला फोटो. तो मी लहानपणापासून पाहत आलो आहे. एक अगदी बुटकी, पसरट बोट पाण्यावरून उडाल्यासारखी दिसते, तिच्यावर २७ हा आकडा रंगवलेला आहे आणि शिरस्त्राण घातलेला चालक देवापुढे बसावे तसा गुडघ्यांवर वाकून बसला आहे. त्याचा चेहरा दिसत नाही. तो काकांचा कोणी मित्र असावा, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. मागे काठावर माणसाच्या उंचीहून मोठे, एकच काटा असलेले घड्याळ दिसते.

दुसरी वस्तू म्हणजे पितळेसारख्या धातूचा, तळहातापेक्षा थोडा मोठा, दोन पात्यांचा पंखा. काका तो कागदांवर वजन म्हणून ठेवत. त्याच्या कडा इतक्या पातळ आहेत की लहानपणी माझे बोट एकदा कापले होते.

तिसरी वस्तू एक वही. तिच्यात ४००, ३००, २२५, १६९, १२७ असे आकडे पानापानांवर पुन्हा पुन्हा येतात. आम्ही ते डॉलरचे हिशेब समजत होतो, पण प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला नाव नसून एक क्रमांक आहे आणि काही ठिकाणी आकड्यांपुढे मराठीत ‘घ. आ.’ अशी दोन अक्षरे आहेत.

शिवाय काकूंनी एक गोष्ट सांगितली. घरात कोणासाठी एरंडेल काढले की काका बाटली नाकाशी धरून ‘हा शर्यतीचा वास आहे’ असे म्हणत असत. त्याचा अर्थ काकूंनाही कधी उमगला नाही.

अशा आउटबोर्ड शर्यती, म्हणजे मागच्या कडेला बाहेरून मोटर लावलेल्या बोटींच्या शर्यती, कशा होत असत, चालक गुडघ्यांवर का बसत, ते घड्याळ कशासाठी होते आणि हे आकडे कसले, हे कोणी सांगू शकेल का? आपल्या गावात पाणी म्हटले की सिद्धेश्वर तलाव आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव एवढेच डोळ्यांपुढे येते, त्यामुळे इथे विचारणे काहींना विचित्र वाटेल, तरीही विचारतो.

---

सात_रस्ता_आजोबा

आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी १९६० ते १९६३ विस्कॉन्सिनमधल्याच मॅडिसनला होतो, म्हणजे आपले काका परतल्यानंतर वर्षभराने पोहोचलो. माझ्याबरोबर प्रयोगशाळेत काम करणारा एक अमेरिकन तरुण उन्हाळ्यात दर रविवारी शर्यतीत उतरत असे आणि दोन उन्हाळे मी त्याचा मदतनीस होतो. त्यामुळे जे लिहितो आहे त्यातले बरेचसे डोळ्यांनी पाहिलेले आणि काही तर कमरेएवढ्या थंड पाण्यात उभे राहून अनुभवलेले आहे.

आकड्यांपासून सुरुवात करतो, कारण ते वाचताक्षणीच ओळखीचे वाटले. ते डॉलर नव्हेत, गुण आहेत. प्रत्येक वर्गाची शर्यत साधारणपणे दोन फेऱ्यांत होत असे. तिकडे तिला ‘हीट’ म्हणत. प्रत्येक हीटमध्ये पहिल्याला ४००, दुसऱ्याला ३००, तिसऱ्याला २२५, चौथ्याला १६९ आणि पाचव्याला १२७ गुण मिळत. प्रत्येक खालचा आकडा वरच्याच्या तीन चतुर्थांश आहे, हे आपण ताडून पाहू शकता. या पद्धतीमुळे हिशेब फार रंगतदार होत असे. एखाद्याने पहिली हीट जिंकली आणि दुसरीत तो चौथा आला तर त्याचे ५६९ गुण होत, मात्र दोन्ही हीटमध्ये शांतपणे दुसरा येणाऱ्याचे ६०० होत आणि चषक तोच घेऊन जात असे. म्हणून मधल्या विश्रांतीत सगळे वही-पेन्सिल घेऊन बसलेले असत. ओळीच्या सुरुवातीचे क्रमांक बोटींचे आहेत.

आता घड्याळ. या शर्यतींचा प्रारंभ उभ्या जागेवरून होत नसे. इंजिन सुरू करून बोटी काही मिनिटे पाण्यावर फिरत राहत आणि शेवटच्या मिनिटाला त्या मोठ्या घड्याळाचा काटा फिरू लागे. काटा शून्यावर पोहोचेल त्याच क्षणी, तोही पूर्ण वेगात, आरंभरेषा ओलांडायची, हे कौशल्य होते. उशीर झाला तर पुढच्या बोटींनी उडवलेल्या पाण्याच्या भिंतीत शिरावे लागे आणि समोरचे काहीही दिसत नसे. काटा शून्यावर येण्याआधी बोटीचे नाक रेषेपुढे गेले तर ती हीट बाद, मग पुढे आपण कितीही अंतराने जिंकलेले असा. मी पाहिलेल्या निम्म्याहून अधिक शर्यती पहिल्या वळणावर पोहोचण्यापूर्वीच, त्या एका मिनिटात ठरलेल्या होत्या, असे माझे मत आहे. माझा मित्र दर शनिवारी संध्याकाळी रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवत, मनात सेकंद मोजत, ठरलेल्या खांबापाशी नेमक्या वेळी पोहोचण्याचा सराव करत असे.

गुडघ्यांवर बसण्याचे कारण बोटीच्या रचनेत आहे. फोटोतील बोट हायड्रोप्लेन आहे. तिच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना दोन पसरट पाय असतात आणि वेग आल्यावर ती केवळ त्या दोन पायांवर व मागच्या प्रोपेलरवर, म्हणजे तीन बिंदूंवर पाण्याला स्पर्श करते. बाकी सारे शरीर हवेवर तरंगते. इतक्या हलक्या बोटीत चालकाचे वजन हाच मुख्य तोल असतो. सरळ मार्गावर नाक वर उचलू लागले की तो पुढे झेपावून छाती जवळजवळ तळाला लावतो आणि वळणावर शरीर आतल्या बाजूला झोकून देतो. वळणे सगळी डावीकडची असत. खुर्चीवर बसून हे करता आले नसते. गुडघ्यांखाली जाडजूड गाद्या असत, तरी संध्याकाळी माझ्या मित्राला जिना चढता येत नसे.

एक गोष्ट मात्र वाचून कळणार नाही, म्हणून सांगतो. शर्यतीच्या मोटरीला क्लच नसे आणि न्यूट्रलही नसे. इंजिन सुरू झाले की बोट निघालीच. म्हणून मदतनीसाने पाण्यात उभे राहून बोटीची मागची बाजू धरायची, चालकाने फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनावरच्या फिरत्या जड चाकाच्या, खाचेत दोरीची गाठ अडकवून ती गुंडाळायची आणि सर्व शक्तीनिशी ओढायची. इंजिन पेटले की मदतनीसाने हात काढून घ्यायचा आणि स्वतःही बाजूला व्हायचे, कारण त्या क्षणी ते पातळ पाते त्याच्या मांड्यांपासून हातभर अंतरावर फिरू लागलेले असे. दोरी चार-पाच वेळा ओढूनही इंजिन पेटले नाही आणि तिकडे घड्याळाचा काटा सुटला, तर काय होत असेल याची कल्पना करा. एका रविवारी आमचे नेमके तसे झाले. दोनशे मैल गाडीला बोट जोडून गेलो होतो आणि पाण्यातून पाच हातही पुढे सरकलो नाही. तो परतीचा प्रवास आम्ही दोघांनी एक शब्दही न बोलता केला.

आपण फोटो चौकटीतून बाहेर काढून मागची बाजू पाहिली आहे का? त्या काळी फोटोच्या पाठीवर तारीख आणि तळ्याचे नाव लिहिण्याची पद्धत होती. वर्ष कळले तर बोटीचा वर्ग सांगणे सोपे जाईल.

---

इतिहासाचे_पान

आजोबांच्या लेखनात भर घालण्याचे धाडस करतो. आपले काका विस्कॉन्सिनमध्ये होते ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण आउटबोर्ड मोटरीच्या दृष्टीने ते राज्य म्हणजे या उद्योगाचे माहेरघर होते. नॉर्वेत जन्मलेले ओले इव्हिनरूड यांनी मिलवॉकी येथे १९०९ पासून आपली मोटर विकायला सुरुवात केली. ती दीड अश्वशक्तीची होती, तिचे वजन ६२ पौंड आणि किंमतही ६२ डॉलर. पहिले संशोधक म्हणून त्यांचेच नाव सर्वत्र घेतले जाते, परंतु कॅमेरॉन वॉटरमन यांना त्याआधीच, १९०७ मध्ये, अशा मोटरीचे पेटंट मिळाले होते, हे नोंदवणे मला न्याय्य वाटते. पुढे कार्ल कीकहेफर यांनी १९३९ मध्ये त्याच राज्यातील सीडरबर्ग येथे जो कारखाना घेतला, त्यातून मर्क्युरी मोटरी आल्या.

शर्यतींना खरी गती १९२० च्या दशकात आली. त्यापूर्वीच्या मोटरी वल्ह्यांचे श्रम वाचवण्यापुरत्या होत्या. त्या दशकाच्या मध्यावर त्यांची शक्ती इतकी वाढली की हलकी बोट पाणी कापत न जाता पाण्यावर चढून धावू लागली, आणि तिथे स्पर्धेला तोंड फुटले. १९२८ पासून हडसन नदीवर ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशी सुमारे १३० मैलांची आउटबोर्ड शर्यत होत असे. तरंगणारे ओंडके आणि मोठ्या जहाजांच्या लाटा यांतून वाट काढत चालक तासन् तास गुडघ्यांवर असत.

काकांच्या काळाविषयी एक घटना निश्चित सांगता येते. १९५८ मध्ये ह्यू एन्ट्रॉप यांनी सिॲटल येथील लेक वॉशिंग्टनवर मर्क्युरीच्या सहा सिलिंडरच्या मोटरीवर ताशी १०७.८ मैल, म्हणजे सुमारे १७३ किलोमीटर वेग गाठला आणि आउटबोर्ड बोटींचा नवा वेगविक्रम केला. त्या उन्हाळ्यात तळ्याकाठी जमलेल्या प्रत्येकाच्या तोंडी ही गोष्ट असली पाहिजे.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आंध्र प्रदेशातील अमरावती येथे कृष्णेच्या पात्रात फॉर्म्युला वन पॉवरबोट शर्यत झाली, ती पाहण्यासाठी मी सोलापुराहून गेलो होतो. तिथे चालक बंद कोशात पट्ट्यांनी बांधलेले असतात आणि प्रारंभ किनाऱ्याच्या तराफ्यापासून होतो. वेग विलक्षण होता, पण आजोबांनी वर्णन केलेले ते घड्याळ तिथे नव्हते, आणि आता वाचल्यावर मला ती उणीव जाणवते आहे.

---

अशोक_चौक_मेकॅनिक

मी चाळीस वर्षे टू-स्ट्रोक इंजिने उघडत आलो आहे, म्हणून एरंडेलाचे कोडे मी सोडवतो. शर्यतींत दोन पंथ होते. एका पंथात कारखान्यातून येते तशीच मोटर पेट्रोल आणि साध्या तेलावर चालवायची. महायुद्धानंतर हा ‘स्टॉक’ पंथ फार वाढला, कारण सामान्य पगाराच्या माणसालाही तो परवडत असे. दुसऱ्या पंथात इंजिनाला मिथेनॉल, म्हणजे एक प्रकारचे अल्कोहोल, पाजायचे. मिथेनॉल जळण्याआधी बाष्प होताना सिलिंडरमधली उष्णता मोठ्या प्रमाणात शोषून घेते, त्यामुळे इंजिन थंड राहते आणि दाब वाढवता येतो. मात्र पेट्रोलच्या जवळजवळ दुप्पट इंधन लागते. टू-स्ट्रोकमध्ये वंगण इंधनातूनच जाते आणि नेहमीचे खनिज तेल मिथेनॉलमध्ये मिसळत नाही. एरंडेल मिसळते. शिवाय तापल्यावरही त्याचा थर धातूला घट्ट धरून राहतो. ते जळताना जो गोडसर, जाड वास सुटतो तो एकदा घेतला की माणूस विसरत नाही. आपल्या काकांनी बाटली नाकाशी धरून जे सांगितले ते अक्षरशः खरे होते.

या इंधनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी दिसत नाही, ते विषारी आहे आणि हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून शर्यत संपल्यावर इंजिन पेट्रोल आणि तेलाच्या मिश्रणावर चालवून आतून धुऊन काढावे लागे, नाहीतर बेअरिंगला आठवडाभरात गंज चढत असे.

आता पंखा. तो कागदांवरचे वजन नव्हे, तो प्रोपेलर आहे आणि बहुधा ब्राँझचा असेल. पाती दोनच असण्याचे कारण असे की पाते जितके कमी तितका पाण्याचा विरोध कमी. असा प्रोपेलर वेगात अर्धा पाण्याबाहेर राहूनच फिरतो, म्हणून कडा इतक्या पातळ ठेवाव्या लागतात. त्याच्या मधल्या गाभ्यावर आकडे ठोकलेले आहेत का ते भिंगाखाली पाहा. एक आकडा व्यासाचा आणि दुसरा पिचचा असतो, म्हणजे एका फेऱ्यात तो किती इंच पुढे जाईल याचा. समजा पिच १० इंच आहे, इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेते आणि दंतचक्रांचे प्रमाण एकास एक आहे, तर मिनिटाला ५,००० फूट, म्हणजे ताशी सुमारे ५७ मैल झाले. त्यातून पाण्यातली घसर वजा करायची. चांगले चालक एकाच मोटरीसाठी चार-पाच प्रोपेलर बाळगत आणि वारा, लाटा पाहून त्यातला एक निवडत. कानस आणि हातोडी घेऊन पात्याच्या मागच्या कडेला केसभर बाक देणारे कारागीर होते. आपल्याकडे गिरणीतला जुना जॉबर मागाच्या आवाजावरून त्याचे दुखणे ओळखत असे, तसे ते इंजिनाच्या आवाजावरून पात्याचा बाक चुकला हे सांगत, असे मला वाटते.

---

भीमाकाठचा

मी उजनीच्या पाणलोटाजवळ राहतो आणि पक्षी पाहायला येणाऱ्यांना आउटबोर्ड लावलेल्या नावेतून फिरवतो. एक शंका आहे. बोट उलटली आणि चालक बाहेर फेकला गेला, तर चालकाविना सुटलेली ती बोट इतरांच्या अंगावर जात नसे का?

---

सात_रस्ता_आजोबा

आपली शंका योग्य आहे आणि त्यावर त्या लोकांनी साधा पण पक्का उपाय केलेला होता. वेग वाढवण्यासाठी पायाखालचे पेडल नसे, हाताच्या मुठीत दाबून धरायची एक तरफ असे. तिला स्प्रिंग लावलेली असल्यामुळे मूठ सुटली की इंजिनाचा वेग आपोआप पडतो. चालकाला बोटीला बांधलेले नसे. तो फेकला जाणारच, हे गृहीत धरून जाड जाकीट आणि शिरस्त्राण सक्तीचे होते. मोठी भीती मागून येणाऱ्या बोटीची असे, म्हणून पाण्यात पडलेल्या चालकाने हात उंच करून आपण शुद्धीवर आहोत हे दाखवायचे, असा शिरस्ता होता. माझा मित्र दोनदा पडला. दोन्ही वेळा तो हात वर येईपर्यंतचे क्षण मी काठावर कसे काढले, ते आज साठ वर्षांनंतरही मला नीट सांगता येत नाही.

बोटी पातळ प्लायवुडच्या असत आणि पुष्कळांनी त्या स्वतःच्या गॅरेजमध्ये हिवाळाभर खपून बांधलेल्या असत. उलटलेली बोट संध्याकाळी ओढून आणायची, फाटलेल्या जागी तुकडा चिकटवायचा आणि पुढच्या रविवारी पुन्हा उतरायचे. त्यात सुतार, दूधवाले, शिक्षक, विद्यार्थी असे सगळे होते. परदेशी विद्यार्थ्यालाही कोणी परका मानत नसे. पाण्यात उभे राहून बोट धरण्याची तयारी असली की आपण त्यांचेच.

---

रेल्वेलाइन्स_सोलापूर

आपण सर्वांनी जे लिहिले ते मी काल रात्री काकूंना मोठ्याने वाचून दाखवले. एरंडेलाचा उलगडा ऐकून त्या हसल्या आणि मग बराच वेळ गप्प राहिल्या.

मेकॅनिकसाहेब, गाभ्यावर दोन आकडे आहेत. पहिला झिजून गेला आहे, दुसरा १० असावा. आपण सवडीने घरी येऊन तो पाहिलात तर मला फार आनंद होईल.

आजोबा, आपल्या सांगण्यावरून आज सकाळी फोटो चौकटीतून काढला. मागचा पुठ्ठा साठ वर्षांत कोणी उघडलेला नव्हता. फोटोच्या पाठीवर तळ्याचे नाव नाही. काकांच्या अक्षरात, शाईने, एवढेच लिहिलेले आहे: ‘मी. ऑगस्ट १९५८.’

त्यानंतर वही घेऊन बसलो. ऑगस्ट १९५८ च्या पानावर बारा क्रमांक आहेत. २७ च्या ओळीत पहिल्या हीटखाली ४०० आहे, दुसऱ्या हीटखाली शून्य आणि त्याच्यापुढे ‘घ. आ.’ ही दोन अक्षरे. आपण घड्याळाविषयी लिहिले नसते तर मला ती कधीच वाचता आली नसती. घड्याळाआधी. त्याच पानाच्या तळाशी ६२५ या आकड्याभोवती वर्तुळ आहे आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा तरी आहे.

फोटो पुन्हा चौकटीत बसवायला घेतला तेव्हा काकूंनी थांबवले. तो सध्या त्यांच्या उशाशी, पालथा ठेवलेला आहे, म्हणजे पाठीवरची ओळ दिसते.